मधले चार खांब

४ जानेवारी

प्रिय मामा,

सा. न. आधी बस, चष्मा लाव आणि मग वाच, म्हणजे 'नीट कळलं नाही' म्हणून उलट टपाली विचारायला नको.

वाचनालयाचे ते मधले चार खांब निघणार! समितीने काल मंजुरी दिली. बावीस वर्षं ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते एकदाचं झालं. तुझ्या साहेबांच्या मनातलं वाचनालय, मध्ये एकही खांब नसलेलं, लोकांना पुन्हा बघायला मिळेल. आणि त्याच छताखाली वीस एप्रिलला साहेबांच्या कामाचं प्रदर्शन उघडेल. आमच्या संग्रहालयाने एका वास्तुरचनाकारावर एवढं मोठं प्रदर्शन आजवर केलेलं नाही. क्युरेटर कोण, हे सांगायला नकोच. संचालक पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. परवा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, हे नीट पार पडलं तर माझ्या खुर्चीवर कोण, हा प्रश्नच उरत नाही. मी अशी वरवर लाजले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरले.

दाराशीच तुझा फोटो लावतेय, भिंतभर मोठा करून. तुझा म्हणजे तुझ्या ट्रंकेतला. आठवतंय ना, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी तुझी कंपासपेटी शोधत होते आणि तो हाताला लागला? उद्घाटनाच्या दिवसाचं वाचनालय. कोवळी झाडं, पायऱ्या चढणारी ती पिशवीवाली बाई आणि काचेतून आरपार दिसणारा मोकळा हॉल. त्या फोटोतून माझा प्रबंध निघाला, प्रबंधातून पुस्तक आणि पुस्तकातून नोकरी. माझं सगळं आयुष्य मामाच्या ट्रंकेतून निघालं असं मी मुलाखतींत सांगते. लोकांना ते फार आवडतं.

आता कामाचं. साहेबांच्या ऑफिसात तू एकतीस वर्षं मॉडेलं केलीस. त्यातलं एखादं तरी शिल्लक आहे का? वाचनालयाचं असेल तर सोन्याहून पिवळं. पुठ्ठ्याचा तुकडा असला तरी चालेल.

कानाचं यंत्र लावतोस का? तुझ्या शेजारच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, ते डब्यात आहे. मग मी ही अशी पानंच्या पानं लिहीत बसणार, दुसरा इलाज नाही.

तुझी,
ठकी

१३ जानेवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. डॉक्टरांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, भाची नाव काढणार. मी म्हटलं, काढलंय केव्हाच, तुम्ही आत्ता ऐकताय.

वाचनालयाचं मॉडेल नाही. ऑफिस बंद झालं त्या आठवड्यात मी ते माझ्या हातांनी मोडलं आणि जाळलं. बाकीची कुठे गेली ठाऊक नाही. माझ्याकडे आता एक चिमटा आणि दोन पाती उरली आहेत. ती मांडून तुझ्या प्रदर्शनाला शोभा येणार नाही.

एक विचारू? रागावू नकोस. त्या चार खांबांनी तुझं काय घोडं मारलंय? इतकी वर्षं उभे आहेत बिचारे. पोरंटोरं त्यांना टेकून वाचतात, असं तूच एकदा लिहिलं होतंस. खांब ठेवून प्रदर्शन होत नाही का? बाजूला एक पाटी लाव, 'मूळ कल्पनेत हे नव्हते' अशी. तुम्हा लोकांना पाट्या लावायला आवडतंच.

आणि खांब काढल्यावर छत राहील हे कुणी सांगितलं? काय बघून सांगितलं? तेवढं जरूर कळव.

यंत्र डब्यातच बरं आहे. त्यातून माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो.

तुझा,
मामा

२१ जानेवारी

प्रिय मामा,

मॉडेल जाळलंस? आमच्या संग्रहालयात हे कुणाला सांगितलं तर तुझ्यावर खटला भरतील. जाऊ दे, मी कुणाला सांगत नाही.

खांबांबद्दल तू अगदी त्या जुन्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांसारखं बोलायला लागलास. अरे, तेच तर माझ्या पुस्तकाचं सार आहे. उद्घाटनाच्या फोटोत खांब नाहीत. साहेबांच्या सव्वीस नकाशांपैकी एकातही नाहीत. मग आले कुठून? उद्घाटनानंतर अकराव्या वर्षाची दुरुस्तीची फाईल मला मिळाली, त्यात त्या चार खांबांसाठी सिमेंट, वाळू, गवंड्यांची मजुरी सगळं आहे. म्हणजे कुणा भित्र्या अधिकाऱ्याला अकरा वर्षांनी रात्री स्वप्न पडलं आणि त्याने एवढ्या सुंदर हॉलच्या मधोमध चार दांडके रोवले. हे मी पंचवीस वर्षांची असताना शोधून काढलं. आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

छत राहील हे आमच्या सल्लागार इंजिनीअरने सांगितलं. माणूस शिकलेला आहे आणि घाबरटही आहे, म्हणजे हवा तसाच. मी दिलेल्या नकाशांवरून त्याने छतातल्या लोखंडाचा हिशेब केला. शेवटी म्हणाला, आकडे काठावर आहेत, पण जे छत अकरा वर्षं खांबांशिवाय उभं होतं त्याहून मोठा पुरावा मला कुठला मिळणार? तुमचं पुस्तकच माझा आधार आहे. असं इंजिनीअर माणसाने म्हणणं म्हणजे केवढं!

काम फेब्रुवारीत सुरू. एकेक खांब कापायचा, आधी भोवती लोखंडी टेकू लावायचे आणि मग ते जॅकने हळूहळू सैल करायचे. तू काळजी करू नकोस. यायची तयारी कर. पहिल्या रांगेतली खुर्ची तुझी.

ठकी

१ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद. चार दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या आठवणीप्रमाणे ते खांब बरेच आधीपासून होते. अकराव्या वर्षी त्यांचं फुगलेलं प्लास्टर काढून नवं केलं होतं, ती फाईल त्याची असेल. मी वाचनालयात फार गेलो नाही, साहेबही जायचे नाहीत, तेव्हा छातीठोकपणे काय सांगू? पण आमच्या ऑफिसचा जुना इंजिनीअर वेडा नव्हता, एवढं सांगतो. उगीच खांब घालणारा माणूस तो नव्हे.

आणि फोटोवर एवढा भरवसा ठेवू नये ग. आमचा फोटोग्राफर फार हुशार होता. त्याने मनात आणलं तर काहीही दाखवलं असतं.

काम महिनाभर पुढे ढकलता येणार नाही का? छताला एखादं भोक पाडून आतलं लोखंड मोजून बघा म्हणावं. नकाशात बघू नका, छतात बघा. एवढं माझ्यासाठी कर. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

मामा

१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मी दोन दिवस खणात टाकून ठेवलं. मग तुझ्या समाधानासाठी पुन्हा मूळ निगेटिव्ह काढली. फोटोग्राफरने खांब खोडले असतील असंच तुला म्हणायचं होतं ना? भिंगाखाली हॉलचा इंच न् इंच बघितला. ब्रशचा एक फटकारा नाही, काही खरवडलेलं नाही. निगेटिव्ह शंभर टक्के शुद्ध आहे. आता तरी पटेल?

छताला भोक पाडायचं नाही. सबंध छत जसंच्या तसं राखायचं, अशी अट मीच समितीला घातली होती. आता मीच कशी मोडू?

पहिला खांब सोमवारी कापला. जॅक सैल केल्यावर छत तीन मिलिमीटर खाली आलं आणि थांबलं. इंजिनीअर म्हणाला, बसायला लागलंय, बसू दे. ग्रंथपाल बाई मात्र रोज एक नवीन तक्रार आणतात. म्हणे मागच्या खोलीचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, म्हणे कपाटांची दारं आपोआप उघडतात. काल एका खिडकीची काच तडकली तर मलाच बोलावून दाखवली. परीक्षांचे दिवस म्हणून त्यांनी अर्धा हॉल मुलांसाठी उघडा ठेवायला लावलाय आणि वर धूळ पडते म्हणून मलाच ऐकवतात.

मामा, मनात आलं ते स्पष्टच लिहिते. प्रदर्शनात साहेबांचं नाव जागोजागी आहे आणि तुम्हा मॉडेलवाल्यांचं कुठेच नाही. त्याचं तुला लागलं का? तसं असेल तर शेवटच्या फलकावर आभार मानताना तुझाही उल्लेख करते. मी आधीच करायला हवा होता. पण त्यासाठी माझ्या कामात अशी खोट काढू नकोस. बावीस वर्षांत बाहेरच्या कुणी शंका घेतली नाही आणि आता घरातूनच सुरू झालं, हे सोसत नाही.

ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,

हे पत्र वाचल्यावर उठ आणि काम थांबव. कारण पुढे लिहिलंय, ते नंतर सावकाश वाच.

तुझ्या फोटोतलं वाचनालय हे वाचनालयच नाही. ते माझं मॉडेल आहे.

खोडाखोड सापडणार नाही, कारण केलेलीच नाही. तू हॉल तपासलास. खाली डावीकडचा कोपरा बघ. कुंपणाच्या झुडपाच्या बुंध्याशी एक चमकता ठिपका आहे. ती टाचणी आहे. झुडूप रंगवलेल्या स्पंजचं आहे आणि ऐनवेळी पडायला लागलं म्हणून मी ते टोचलं. पायऱ्या म्हणजे पुठ्ठ्याच्या सात पट्ट्या. काच म्हणजे बिस्किटांच्या पुड्याचा पारदर्शक कागद. आकाश तेवढं खरं. 

आमच्या ऑफिसची रीतच ती होती. उभी राहिलेली इमारत साहेबांना बघवायची नाही. त्यांच्या डोक्यात जे असायचं त्यात नळ, खांब, पन्हळी नसायच्या आणि खऱ्या इमारतीत त्या आल्याशिवाय राहायच्या नाहीत. म्हणून मासिकांना, समित्यांना जो फोटो जायचा तो मॉडेलचा. सकाळी नऊच्या उन्हात मॉडेल गच्चीवर टेबलावर मांडायचं, फोटोग्राफर गुडघ्यांवर बसून कॅमेरा त्याच्या पायऱ्यांच्या पातळीला आणायचा आणि मी श्वास रोखून बाजूला उभा राहायचो. निगेटिव्हच्या पाकिटावर फक्त इमारतीचं नाव आणि उद्घाटनाची तारीख. मॉडेल हा शब्द लिहायची आम्हाला बंदी होती.

खरं वाचनालय बांधायला काढलं, छताच्या फळ्या ठोकायला घेतल्या आणि त्याच आठवड्यात जुना इंजिनीअर साहेबांच्या खोलीत शिरला. दार बंद होतं, पण तेव्हा माझे कान शाबूत होते. 'खांब नसतील तर माझी सही नाही,' एवढं एकच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी साहेबांनी मान तुकवली, पण खांबांचा नकाशा ऑफिसात काढू दिला नाही. इंजिनीअरने तो साइटवर एका कागदाच्या कपट्यावर काढून मिस्त्रीच्या हातात दिला. आणि खांब येणार म्हणताना त्याने छतातलं लोखंड जवळजवळ निम्मं केलं. तुझ्या सल्लागाराने जे नकाशे बघितले ते त्याआधीचे आहेत. ते छत एक दिवसही खांबांशिवाय उभं राहिलेलं नाही. कळतंय ना तुला?

तू विचारशील, इतकी वर्षं तोंडाला कुलूप का. तू ट्रंकेतून तो फोटो काढलास तेव्हा तुझे डोळे असे चमकले होते की मी बघतच राहिलो. माझ्या पुठ्ठ्याला कुणीतरी, तेही तू, खरी इमारत समजलीस. एकतीस वर्षांत मला एवढी मोठी शाबासकी मिळाली नव्हती. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. म्हटलं उद्या सांगू. मग तुझा लेख छापून आला. मग पुस्तक. प्रत्येक वेळी सांगणं अवघड होत गेलं आणि मी तुझ्या पुस्तकाच्या प्रती लोकांना वाटत राहिलो. मी फार वाईट वागलो.

आणखी एक. पायऱ्यांवरच्या त्या बाईवर तू तीन पानं लिहिलीस. नव्या इमारतीत निर्धास्त पाऊल टाकणारी अनोळखी वाचक, वगैरे. ती अनोळखी नाही. मापाची बाई हवी होती म्हणून मी घरच्या एका फोटोतून माझी ताई कापून घेतली. ती तुझी आई आहे.

काम थांबव.

मामा

१ मार्च

ती. मामांस,

सा. न. तुमचं पत्र मिळालं. निगेटिव्ह पुन्हा तपासली. तुम्ही म्हणता तो ठिपका म्हणजे धुळीचा कण आहे. असे कण जुन्या निगेटिव्हवर असतातच.

तुमचं वय आणि इतक्या वर्षांचा काळ पाहता आठवणींची सरमिसळ होणं स्वाभाविक आहे. याबाबत तुम्ही आणखी कुणाला काही लिहू नये, अशी विनंती आहे. प्रदर्शनाची निमंत्रणं छापून गेली आहेत. माझ्या हाताखाली चौदा माणसं काम करतात. एका पत्रावरून हे सगळं थांबत नसतं. डॉक्टरांना मी फोन करून तुमच्याकडे रोज एकदा जायला सांगितलं आहे.

दुसरा खांब काढून झाला. छत आणखी पाच मिलिमीटर उतरलं. इंजिनीअरने मला विचारलं, अकरा वर्षांबद्दल तुमची पक्की खात्री आहे ना? मी हो म्हटलं. तिसरा खांब अठरा तारखेला.

आपली,
ठकी

ता. क. आईच्या हातातल्या त्या पिशवीत काय होतं?

८ मार्च

चि. ठकीस,

जन्मात पहिल्यांदा मला अहो-जाहो केलंस. लहानपणी रुसायचीस तेव्हा पाठ करून बसायचीस, पण खाली मान घालून, मी येतो की नाही हे चोरून बघायचीस. तसलंच ते ता. क. आहे.

पिशवीत वह्या होत्या. शाळेतून तपासायला आणलेल्या. ताई पाठमोरी बसच्या पायऱ्या चढत होती आणि मी माझ्या नव्या कॅमेऱ्याची हौस भागवून घेत होतो.

तुला टाचणी दिसली आहे. दिसली नसती तर 'आईच्या हातातल्या' असं तू लिहिलंच नसतंस. मग तू त्या इंजिनीअरला 'हो' कशी म्हणालीस? तुझी भीती मला कळते. तुझी बावीस वर्षं त्या एका फोटोवर उभी आहेत. पण त्या छताखाली परीक्षेला बसणारी पोरं वाचतायत, ठकी. तूच लिहिलंस.

मी कुणालाही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. हे तुझ्या तोंडून यायला हवं. पण मी येतोय. पंधराला निघेन, सोळाला सकाळी वाचनालयात पोचेन. तुझ्या घरी येत नाही. तिसऱ्या खांबाशी खुर्ची टाकून बसेन, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. खांब कापायचा असेल तर माणसांना सांग, म्हाताऱ्याला आधी उचला.

मामा

१६ मार्च, वाचनालय, सकाळी अकरा

ठकी,

ही चिठ्ठी ग्रंथपाल बाई स्वतः तुझ्या ऑफिसात आणून देतायत. भली बाई आहे. मला उशी दिली आणि मी कोण ते विचारलंसुद्धा नाही.

मी हॉल आज पहिल्यांदा नीट बघितला. छत मधोमध वाकलंय. ते बघायला भिंग लागत नाही. दोन खांब जिथे होते तिथून एक चीर निघून थेट माझ्या डोक्यावर आली आहे आणि सकाळपासून ती बोटभर पुढे सरकली. मी पेन्सिलीने खांबावर खूण करून बघतोय. कागदावर पांढरी पूड पडते, ती झटकून झटकून लिहितोय. माझ्यासमोर सतरा मुलं बसली आहेत. त्यांना मी दोनदा उठा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघून हसून पुन्हा माना खाली घातल्या.

मी गाडीत सबंध रस्ताभर विचार केला. तुला काही कबूल करायचं नको. माझ्यावर घाल. सांग की तू मला विचारलं होतंस आणि मी शपथेवर सांगितलं, हा फोटो खऱ्या इमारतीचा. सांग की मामाने फसवलं. मला काय, नोकरी जायची आहे की पेन्शन थांबायचं आहे? तू तेवढं सांगायला तरी खाली ये. आत्ता ये.

मामा

२ एप्रिल

प्रिय मामा,

तू त्या दिवशी मला काही बोलायलाच दिलं नाहीस. मी धावत येऊन मुलं बाहेर काढली, टेकू पुन्हा आवळले आणि मी वळून बघते तर तू स्टेशनवर निघून गेलेला. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, त्यांची गाडी होती.

छत वाचलं. इंजिनीअरने शेवटी भोक पाडून लोखंड मोजलं. तू म्हणालास त्याहूनही कमी निघालं. तो तिथेच जमिनीवर बसला. म्हणाला, तिसरा खांब कापला असता तर सगळं खाली आलं असतं. आता दोन्ही खांब पुन्हा उभे करतायत. प्रदर्शन सप्टेंबरात गेलं.

आता जे लिहायचंय त्यासाठी तीन दिवस कागद समोर घेऊन बसतेय. फोटो मॉडेलचा आहे हे आता सगळ्यांना कळलं होतं, संचालकांनी मला समितीपुढे बोलावलं. विचारलं, हा फोटो इमारतीचा आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? खरं सांगायचं असं ठरवूनच मी गेले होते. आणि तोंडातून निघालं, 'माझ्या मामांनी. मी विचारलं होतं, त्यांनी शपथेवर सांगितलं.' सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती आली. एका बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मला इतकं हलकं वाटलं, मामा, की त्याची मला अजून लाज वाटते.

मग त्यांनी विचारलं, तुमच्या पुस्तकातले साहेबांच्या इमारतींचे बाकीचे फोटो? मी सांगितलं, ते मी स्वतः एकूण एक पडताळले आहेत, फक्त हाच खोटा निघाला. तसं लेखीही दिलं. न देते तर प्रदर्शनही गेलं असतं आणि खुर्चीही. पडताळायचे आहेत अजून. सावकाश करेन.

वर्तमानपत्रात आलंय ते वाचू नकोस. 'ऑफिसातल्या जुन्या माणसाने अभ्यासक भाचीला वर्षानुवर्षे फसवले' असा मथळा आहे. खुर्चीसाठी माझ्या नावाची शिफारस काल गेली.

तू रागावला आहेस का? दोन ओळी तरी लिही.

तुझी,
ठकी

९ एप्रिल

चि. ठकीस,

आशीर्वाद. रागावलेलो नाही. मीच सांगितलं होतं ते तू केलंस, त्यात राग कसला? आता गल्लीत माझ्याशी लोक जरा कमी बोलतात, पण मला ऐकू तरी कुठे येतंय. डॉक्टर मात्र तो अंक घेऊन आले आणि विचारलं, खरं का? मी हो म्हटलं. तुझ्यासाठी पुन्हाही म्हणेन.

त्याच बातमीत खाली तुझ्या आधीच्या कामांची यादी आहे. ती मी काल वाचली. साहेबांच्या त्या टेकडीवरच्या शाळेचं सभागृह तू दोन वर्षांपूर्वी 'मूळ रूपात' आणलंस, असं त्यात लिहिलंय. मला तेव्हा तू 'शाळेची डागडुजी केली' एवढंच कळवलं होतंस आणि मीही खोदून विचारलं नाही. बातमीत म्हटलंय, सभागृहाच्या मधोमध नंतर कुणी बांधलेली एक भिंत होती, ती तू जुन्या फोटोच्या आधारे काढून टाकलीस.

तो फोटोही गच्चीवरचा आहे, ठकी. ते मॉडेल करायला मला पाच आठवडे लागले. भिंत नंतरची नव्हती. ती त्याच इंजिनीअरने घातली होती, त्याच कारणासाठी.

मी वाचल्या वाचल्या मुख्याध्यापकांना तार केली, मागाहून सविस्तर पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आज सकाळी तारेने आलं. सोबत जोडतो. माणूस सभ्य आहे. लिहितात, आपल्या काळजीबद्दल आभारी आहोत. आपल्याविषयी वर्तमानपत्रात वाचलं. सभागृहाचा फोटो खरा असल्याचं क्युरेटर बाईंनी नुकतंच लेखी दिलेलं आहे, असंही त्यात आहे, तेव्हा आपण मनस्ताप करून घेऊ नये. छताचं थोडं प्लास्टर हिवाळ्यात पडलं होतं, ते सुट्टीत नीट करून रंगही दिला आहे.

तिथे मी जाऊन बसलो असतो. पण मुलांच्या शाळेत अनोळखी म्हाताऱ्याला कोण बसू देतं? त्यातून माझ्यासारख्या नाव झालेल्याला?

माझ्या शब्दाला आता कुठेच किंमत नाही. तुझ्या शब्दाला आहे. पण तो कामी यायचा तर आधी तुला समितीला दिलेला कागद परत घ्यावा लागेल, आणि मामांनी फसवलं नव्हतं हेही सांगावं लागेल. मग खुर्ची नाही, पुस्तक नाही. मी तुला वाढवलं, तुझं वाईट व्हावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. तरी लिहितोय.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. परीक्षेनंतरची छोटी सुट्टी संपून शाळेचं नवं वर्ष सोमवारी सुरू होतं आणि पहिल्या दिवशी सगळी मुलं सभागृहात जमतात.

मामा